लिंकमध्ये दिसणारं ‘%ई०%ए४’ म्हणजे नेमकं काय? व्हायरस की मराठी?

छत्रपती संभाजीनगर : शाळेच्या पालक ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर किंवा भावकीच्या ग्रुपवर कुणीतरी एक लिंक टाकतं. सुरुवात ओळखीची वाटते आणि मग अर्धा स्क्रीन भरून टक्क्यांची रांग लागते : %ई०%ए४%९बी%ई०%ए४%ए४%ई०%ए५%८डी... (स्क्रीनवर यातली ई, ए, बी, डी ही रोमन अक्षरं असतात. इथे ती देवनागरीत लिहिली आहेत.) दोन मिनिटांत खाली प्रतिक्रिया येतात. ‘हे काय आहे?’ ‘व्हायरस आहे, कुणी उघडू नका.’ ‘मी तर डिलीट केलं.’

वरची रांग व्हायरस नाही. ते आपल्या शहराच्या नावातलं ‘छत्’ आहे. ‘छत्रपती-संभाजीनगर’ असं नाव मध्ये जोडरेघ देऊन एखाद्या पानाच्या पत्त्यात असेल, तर कागदावर दहा अक्षरांत मावणारं हे नाव लिंक कॉपी केल्यावर १४५ चिन्हांचं होतं. ‘औरंगाबाद’ ७२ चिन्हांत भागायचं. (यात राजकारण शोधू नये, हा निव्वळ अक्षरांचा हिशेब आहे.)

गंमत म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण या रांगेला घाबरून लोक चांगल्या लिंक डिलीट करतात, आणि जिला घाबरायला हवं ती लिंक आटोपशीर, साफसुथरी दिसते म्हणून बिनदिक्कत दाबतात. शिवाय हीच अक्षरं दुसऱ्या रूपात याद्यांमध्ये, पावत्यांवर आणि दाखल्यांवरही येतात. तिथे काय परत मिळवता येतं आणि काय कायमचं गेलं, हे ओळखता आलं तर पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

सोळा आण्यांचा हिशेब

जगातल्या बहुतेक सगळ्या लिप्यांची एक सामाईक यादी आहे, तिचं नाव युनिकोड. यादीत प्रत्येक अक्षराला, प्रत्येक मात्रेला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीच्या वाट्याला २३०४ ते २४३१ अशी १२८ घरं आली आहेत. ‘न’ चा क्रमांक २३४४, ‘ग’ चा २३२७, ‘र’ चा २३५२. इंग्रजी कॅपिटल ‘ए’ चा क्रमांक फक्त ६५.

अडचण इथूनच सुरू होते. संगणक माहिती बाइटमध्ये ठेवतो आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. ६५ सहज मावतो, २३४४ मावत नाही. त्यामुळे त्याचे तुकडे करावे लागतात. हे तुकडे कसे करायचे याची आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी सप्टेंबर १९९२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत जेवताना, ताटाखालच्या कागदावर तिचा आराखडा मांडला.

‘न’ चे तुकडे असे होतात. २३४४ ला ६४ ने भागायचं. भागाकार ३६, बाकी ४०. सगळ्यात आधी जातो २२४ हा आकडा. तो गाडीच्या इंजिनासारखा, ‘मागे अजून दोन डबे आहेत’ एवढं सांगणारा. मग ३६ मध्ये १२८ मिळवून १६४, आणि ४० मध्ये १२८ मिळवून १६८. हे १२८ कशाला? तर ‘मी डबा आहे, इंजिन नाही’ ही खूण. म्हणजे ‘न’ झाला २२४, १६४, १६८.

आता हे आकडे आटोपशीर लिहायचे म्हणून ते सोळाच्या पटीत लिहितात. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे सोळा आणेच होते. २२४ आणे म्हणजे १४ रुपये ० आणे. १६४ आणे म्हणजे १० रुपये ४ आणे. १६८ आणे म्हणजे १० रुपये ८ आणे. प्रत्येक जागी एकच चिन्ह हवं म्हणून दहाला ‘ए’, अकराला ‘बी’ असं करत चौदाला ‘ई’ आणि पंधराला ‘एफ’ म्हणतात. चौदा-शून्य झालं ई०. दहा-चार झालं ए४. दहा-आठ झालं ए८.

राहिला टक्का. इंटरनेटच्या पत्त्यात रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकीच चिन्हं चालतात. हा नियम १९९४ मध्ये टिम बर्नर्स-ली आणि सहकाऱ्यांनी लिहून ठेवला, तेव्हा मराठी मथळ्याची लिंक कुणाच्या डोळ्यांसमोर असण्याचं कारण नव्हतं. जे त्या चौकटीत बसत नाही, त्याच्या प्रत्येक बाइटआधी टक्का लावून तो दोन चिन्हांत लिहायचा. शेकडेवारीशी या टक्क्याचा काही संबंध नाही. तीन बाइट, प्रत्येकी तीन चिन्हं, असा एकेका मराठी अक्षरामागे नऊ चिन्हांचा खर्च.

आता हे वाचून पाहा : %ई०%ए४%ए८%ई०%ए४%९७%ई०%ए४%बी०. पहिला ‘न’ ओळखीचा आहे. उरलेले दोन ‘ग’ आणि ‘र’. शब्द झाला ‘नगर’.

‘ई०%ए४’ सारखंसारखं का येतं, हेही यातून कळतं. ६४ गुणिले ३६ बरोबर २३०४, म्हणजे देवनागरीचं पहिलं घर. पहिल्या ६४ घरांना ए४ लागतो, पुढच्या ६४ घरांना ए५. ही हद्द नेमकी दोन वेलांट्यांच्या मधून गेली आहे. ऱ्हस्व ‘ि’ ए४ च्या गल्लीतलं शेवटचं घर, दीर्घ ‘ी’ ए५ च्या गल्लीतलं पहिलं. शुद्धलेखनाच्या तासाला ज्या दोघींनी छळलं, त्यांना यंत्रानेही वेगळं काढलं आहे.

काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे क्रमांक आहेत, म्हणून ‘त्र’ एक अक्षर दिसलं तरी आत ते ‘त’, हलन्त आणि ‘र’ असे तीन असतात. एकूण २७ चिन्हं. जोडाक्षरांची भाषा असल्यामुळे मराठी लिंक लांबते ती अशी.

न उघडताच भाषा ओळखता येते

एकदा ही खूण कळली की लिंकमध्ये कोणती लिपी आहे हे न उघडता सांगता येतं. आपल्या शहरात तर ते रोज उपयोगी पडावं, कारण एकाच फोनवर मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी चारही भाषांतल्या लिंक येत असतात. ‘%डी८’ किंवा ‘%डी९’ वारंवार दिसलं तर मजकूर उर्दू किंवा अरबी लिपीत आहे. त्या लिपीचे क्रमांक लहान असल्याने तिथे अक्षरामागे दोनच बाइट लागतात आणि उर्दू लिंक मराठीपेक्षा आखूड राहते. ‘%ई०%बी०’ किंवा ‘%ई०%बी१’ दिसलं तर तेलुगू. ‘%एफ०%९एफ’ असेल तर तो इमोजी आहे. सकाळच्या शुभेच्छांमधले जोडलेले हात म्हणजे %एफ०%९एफ%९९%८एफ. ‘%२०’ म्हणजे नुसती मोकळी जागा.

मराठी आणि हिंदी मात्र एकाच वॉर्डात राहतात, त्यामुळे दोन्हींत ‘%ई०%ए४’ च येणार. तरीही एक खूण आहे. ‘%ई०%ए४%बी३’ दिसलं तर लिंक बहुधा मराठी, कारण तो ‘ळ’ आहे.

शहराचे बाकीचे संगणकी कोड या भानगडीत पडत नाहीत. विमानतळ आयएक्सयू, गाड्या एमएच २०, मुख्य पिनकोड ४३१००१. ते नावाचे स्पेलिंग नाहीत, फक्त लावलेली चिठ्ठी आहे. म्हणून २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं तरी हे तसेच राहिले. रेल्वे स्टेशनचा कोड मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये एडब्ल्यूबीचा सीपीएसएन झाला. टक्क्यांची रांग ही अशी चिठ्ठी नव्हे. ते पूर्ण नावच आहे, म्हणून नाव बदललं की रांग बदलते आणि जुन्या बातम्यांच्या लिंकमध्ये ७२ चिन्हांचं जुनं नाव तसंच राहतं.

तेच आकडे, वेगळे कपडे

टक्क्यांच्या रांगेतला मजकूर शाबूत असतो. प्रश्न येतो तो त्याच अक्षरांचा इतर ठिकाणी चुथडा होतो तेव्हा. वरवर सगळे चुथडे सारखे दिसतात, पण त्यांचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

बचत गटाची यादी, वर्गाची पटसंख्या, सोसायटीतल्या सभासदांची नावं अशी एखादी फाइल एक्सेलमध्ये उघडली की मराठीच्या जागी एक विचित्र नक्षी दिसते. डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ‘ए’, त्याच्यापुढे कधी ¤ असं चिन्ह तर कधी ¥ हे जपानी येनचं चिन्ह, पुन्हा तेच ‘ए’, पुन्हा तेच चिन्ह. हा योगायोग नाही. युरोपीय भाषांच्या जुन्या तक्त्यात २२४ म्हणजे ते तिरक्या रेघेचं ‘ए’, १६४ म्हणजे ¤ आणि १६५ म्हणजे ¥. म्हणजे आपलीच ई०, ए४ आणि ए५ ही त्रिमूर्ती. मराठी आत धडधाकट आहे, वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता हातात घेतला आहे. फाइल बंद करा, सेव्ह करू नका. एक्सेलमध्ये ‘डेटा’ या टॅबमधून टेक्स्ट फाइल आणण्याचा पर्याय घ्या आणि ‘फाइल ओरिजिन’ मध्ये ‘६५००१ : युनिकोड’ निवडा. नावं जशीच्या तशी परत येतात. त्या नक्षीवरच दुरुस्त्या करून फाइल सेव्ह केली, तर मात्र काम वाढतं.

दुसरा प्रकार रिकाम्या चौकोनांचा. यात बिघाड काहीच नसतो, फोनमध्ये किंवा संगणकात त्या अक्षराचा फॉण्ट नसतो इतकंच. तीच फाइल दुसऱ्या फोनवर नीट दिसते. या चौकोनांना इंग्रजीत टोफू म्हणतात आणि ‘नो टोफू’ यावरूनच गूगलने आपल्या फॉण्टचं नाव ‘नोटो’ ठेवलं.

तिसरा प्रकार प्रश्नचिन्हांचा, आणि खरा धोका तोच. नावाच्या जागी ‘???????’ असं छापलेली पावती अनेकांनी पाहिली असेल. मराठी येत नसलेल्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर साठवला जातो, तेव्हा ते प्रत्येक अनोळखी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतं आणि मूळ आकडा फेकून देतं. उरते फक्त लांबी. ‘सिल्लोड’ ची सात प्रश्नचिन्हं होतात. ‘वैजापूर’ चीही सात. ‘गंगापूर’ चीही सातच. ‘पैठण’ ची चार आणि ‘कन्नड’ ची पाच आहेत म्हणून त्यांचा अंदाज तरी बांधता येईल, पण पहिल्या तिघांमधला तालुका कोणता हे जगातलं कोणतंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. इथे ‘फॉण्ट टाका, दिसेल’ असं काउंटरवरून सांगितलं जात असेल तर ते चूक आहे. मूळ अर्ज किंवा आधीची प्रत शोधून नाव पुन्हा टाइप करायला लावणं, हाच उपाय. त्यामुळे असा कागद हातात पडला की तो त्याच दिवशी, अर्जाची पोच जवळ असतानाच परत न्यावा.

जुने फॉण्ट, जुनं दुखणं

चौथा प्रकार घराघरांतल्या जुन्या सीडींमध्ये आणि कार्यालयांच्या फाइलींमध्ये दडलेला आहे. पीडीएफमध्ये मराठी अगदी सुबक दिसतं. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की रोमन अक्षरं, कंस आणि स्वल्पविराम यांची खिचडी पडते. यात ‘ई०’ कुठेच दिसत नाही, कारण मुळात ते युनिकोड नाहीच.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, पण सर्वसामान्यांच्या विंडोज संगणकावर देवनागरीची सोय आली विंडोज २००० पासून. त्याआधी मराठी वर्तमानपत्रं, पुस्तकं, लग्नपत्रिका थांबल्या नव्हत्या. पुण्याच्या सी-डॅकची सॉफ्टवेअर, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव, किरण असे फॉण्ट यांच्यावर एका पिढीने काम केलं. युक्ती सोपी होती. संगणकाला वाटे की इंग्रजी अक्षर टाइप होतंय, फॉण्ट त्या अक्षराला मराठी सदरा घालून स्क्रीनवर उभं करे. सदरा काढला की आतलं इंग्रजी अक्षर उघडं पडतं. त्यातही प्रत्येक फॉण्टचा सदरा वेगळा, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडला तर नवाच गोंधळ.

याला पर्याय नव्हता असंही नाही. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक आणलं. त्यात मराठी अक्षराला एकच बाइट पुरे. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच घेतली आहे. पण डीटीपीचा धंदा फॉण्टच्या सदऱ्यांवर चालला आणि मानक बाजूला राहिलं.

त्याची किंमत आज चुकवावी लागते. अशा पीडीएफमध्ये गावाचं नाव शोधायला टाकलं तर ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं, नाव समोर दिसत असताना. अंध व्यक्तींसाठी मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर ते रोमन खिचडीसारखं वाचतं. हा मजकूर मेलेला नसतो. फॉण्टचं नाव माहीत असेल तर कन्व्हर्टर वापरून तो युनिकोडमध्ये आणता येतो. म्हणून जुन्या संस्थांचे अहवाल, स्मरणिका, वंशावळ्या ज्यांच्याकडे अशा फॉण्टमध्ये आहेत, त्यांनी फाइलबरोबर फॉण्टचं नाव कुठेतरी लिहून ठेवावं. पीडीएफच्या ‘प्रॉपर्टीज’ मध्ये ‘फॉण्ट्स’ या ठिकाणी ते दिसतं.

दिसायला जुळी, आतून परकी

युनिकोड आल्यावर सगळं मिटलं का? पूर्ण नाही. ‘ॲप’ हा शब्दच घ्या. कुणी तो ‘अ’ वर चंद्र ठेवून लिहितं, म्हणजे दोन क्रमांक. कुणी ‘ॲ’ हे एकसंध अक्षर वापरतं. मराठीसाठी हवं असलेलं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. कुणी ‘ऍ’ लिहितं. माणसाला तिन्ही एकच वाटतात, यंत्राला ते तीन वेगळे शब्द.

‘शेतकऱ्यांना’ मधल्या अर्ध्या ‘र’ चंही तसंच. तो नुक्त्याच्या ‘ऱ’ ला हलन्त देऊन लिहिता येतो. किंवा साध्या ‘र’ ला हलन्त देऊन, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. टक्क्यांच्या रांगेत मात्र दुसऱ्याचं बिंग फुटतं, कारण त्या अदृश्य चिन्हाचं रूप ‘%ई२%८०%८डी’ असं येतं. सगळ्या ई० च्या गर्दीत हा ई२ एकटाच उठून दिसतो. बऱ्याच शोधयंत्रांना ही जुळी भावंडं आता ओळखता येतात. साध्या फाइलमध्ये, यादीत किंवा एखाद्या पोर्टलच्या शोधचौकटीत मात्र तसा भरवसा नाही. आडनावात अर्धा ‘र’ असेल आणि यादीत नाव सापडत नसेल, तर नाव वगळलं असा निष्कर्ष काढण्याआधी पहिली दोन-तीन अक्षरंच टाकून शोधावं.

मराठी एसएमएस महाग का?

बँकेचे, शाळेचे, वीजबिलाचे मेसेज इंग्रजीत का येतात, या तक्रारीच्या मुळाशीही हाच हिशेब आहे. एका एसएमएसला १४० बाइटची जागा असते. रोमन अक्षरं दाटीवाटीने बसवली तर त्यात १६० मावतात. पण मजकुरात एकही मराठी अक्षर आलं की सगळा मेसेज दोन बाइटच्या मापात जातो आणि मर्यादा ७० वर येते. काना-मात्रा इथेही वेगळ्या मोजल्या जातात. त्या ७० पैकी ‘छत्रपती संभाजीनगर’ मधल्या मोकळ्या जागेसह १७ खाऊन टाकतं. म्हणजे जवळपास चौथा हिस्सा पत्त्यातच गेला. ७० च्या पुढे गेलं की मेसेजचे भाग पडतात, एकेका भागात ६७ च अक्षरं बसतात आणि पाठवणाऱ्याला प्रत्येक भागाचे पैसे पडतात. तांत्रिक कारण खरं आहे. पण ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याला हप्त्याची तारीख इंग्रजीत कळवून काय साधतं, याचं उत्तर बाइटमध्ये नाही.

मग घाबरायचं कशाला?

लिंकमध्ये टक्के असणं हा धोक्याचा इशारा नाही आणि टक्के नसणं ही सुरक्षिततेची हमी नाही. पाहायचं ते टक्क्यांच्या आधी. ‘एचटीटीपीएस’ नंतर दोन तिरक्या रेघा येतात. तिथून पुढे पहिली एकटी तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग हा खरा पत्ता. तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. सरकारी पान असेल तर हा भाग ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ ने संपतो. ‘अनुदान-जीओव्ही-इन डॉट टॉप’ असं काही दिसलं तर ते सरकारी नाही. जोडरेघ म्हणजे डॉट नव्हे, आणि मालक ठरतो तो शेवटच्या तुकड्यांवरून. त्या एकट्या रेघेनंतर कितीही मराठी टक्के असोत, त्यांनी मालक बदलत नाही.

चार खुणा मात्र खरोखर थांबायला लावणाऱ्या आहेत. पत्त्याच्या भागात ‘@’ असेल, तर त्याच्या आधी लिहिलेलं बँकेचं नाव निव्वळ देखावा असतो आणि ब्राउझर ‘@’ च्या पुढच्या ठिकाणी जातो. दुसरी, मधेच ‘%३ए%२एफ%२एफ’ दिसणं. ते विसर्गचिन्ह आणि दोन तिरक्या रेघा आहेत, म्हणजे या लिंकच्या पोटात दुसरी लिंक आहे. खऱ्या संकेतस्थळांवरही असं असतं, पण पोटातली लिंक कुठली आहे ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी खूण ‘एक्सएन’ आणि दोन जोडरेघा. पत्त्याच्या या भागात टक्के चालत नाहीत, म्हणून तिथलं इंग्रजीबाहेरचं अक्षर अशा वेगळ्या रूपात लिहितात. हे वैधही असतं. २०१४ मध्ये सुरू झालेलं ‘.भारत’ हे डोमेन आतून ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असंच आहे. पण दिसायला इंग्रजी असलेल्या कंपनीच्या नावात ते आलं, तर एखादं अक्षर रशियन लिपीतलं असण्याची शक्यता असते. झुडाँग झेंग या संशोधकाने एप्रिल २०१७ मध्ये ॲपलच्या नावाचा हुबेहूब खोटा पत्ता असाच करून दाखवला, तेव्हा ब्राउझर कंपन्यांना दुरुस्ती करावी लागली.

चौथी खूण सगळ्यात साधी : शेवटी ‘डॉट एपीके’. लग्नाची पत्रिका, वाहनाचं चलन किंवा योजनेचा अर्ज एपीके असू शकत नाही. ती फोनवर बसणारी ॲपची फाइल आहे. ‘पत्रिका’ हा शब्द टक्क्यांत असो की सरळ मराठीत, शेवटचे तीन रोमन अक्षरं तीच असतील तर फाइल उघडायची नाही.

ट्रायच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंद न केलेल्या लिंक असलेले व्यावसायिक एसएमएस मोबाइल कंपन्यांनी अडवायचे आहेत. व्हॉट्सॲपवर ही चाळणी नाही. लिंकवर बोट दाबून धरलं की कॉपीचा पर्याय येतो. ती नोट्समध्ये चिकटवून आधी निवांत वाचता येते. टक्क्यांचं मराठी करून देणारी संकेतस्थळंही आहेत, ‘यूआरएल डिकोडर’ असं शोधल्यावर सापडतात. बातमीची लिंक तिथे टाकायला हरकत नाही. पासवर्ड बदलण्याची, बँकेची किंवा हॉस्पिटलच्या रिपोर्टची लिंक मात्र टाकू नये, कारण अनेकदा ती लिंक हीच किल्ली असते.

लिंक कॉपी करताना शेवट तुटला तर पान उघडत नाही, आणि मराठी लिंक लांब असल्यामुळे ती जास्त वेळा तुटते. क्यूआर कोड बनवतानाही हेच. चिन्हं जितकी जास्त, तितके ठिपके बारीक, आणि गुलमंडीतल्या दुकानाच्या काचेवर चिकटवलेला कोड ग्राहकाच्या फोनला वाचता येत नाही. फाइलचं नाव रोमनमध्ये आणि आखूड ठेवलं, तर आतला मजकूर मराठीत कितीही असू द्या, कोड सुटसुटीत राहतो.

चुकून दाबलंच आणि पैसे गेले, तर राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच फोन करावा. तक्रार देताना ती लिंक संपूर्ण कॉपी करून ठेवावी, टक्क्यांसकट. अनेकजण ‘नको ते चित्रविचित्र’ म्हणून शेपूट खोडून फक्त सुरुवात देतात. तपासाला ते शेपूटही लागतं.